चांगीला जाऊन आलो, पण आपली माणसं कुठे आहेत तिथे?

टॅम्पिनीसकर

आईबाबा महिनाभरासाठी आलेत सिंगापूरला. मरलायन, सेंतोसा, मुस्तफा सगळं पहिल्या आठवड्यातच उरकलं आणि मग बाबा म्हणाले की मला ते युद्धकैद्यांचं ठिकाण बघायचंय. मी इथे नऊ वर्षं राहतो, घरापासून बसने वीस मिनिटं, आणि एकदाही गेलो नव्हतो. लाज वाटली खरं तर. तर गेल्या शनिवारी तानाह मेराहहून दोन नंबरची बस पकडून गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. बुकित तिमाहच्या फोर्ड फॅक्टरीत ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशितासमोर शरणागतीवर सही केली. लगेच जवळजवळ ५०,००० ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांना चालवत चालवत बेटाच्या पूर्व टोकाला चांगीत नेलं. तिथे आधीपासून ब्रिटिशांच्याच बराकी होत्या, सेलारांग, रॉबर्ट्स वगैरे, त्यातच त्यांना कोंबलं. चांगीचं तुरुंग ते वेगळं, ते १९३६ चं, ६०० कैद्यांसाठी बांधलेलं. त्यात आधी ३,००० च्या आसपास गोरे नागरिक होते, बायकामुलं धरून. युद्धकैदी त्या तुरुंगात आले ते एकदम मे १९४४ मध्ये, आत ५,००० आणि बाकीचे भिंतीबाहेर झोपड्यांत.

म्युझियम छोटं आहे पण बाबांना तीन तास लागले. ते प्रत्येक पाटी वाचतात, आणि दोनदा वाचतात. एक काड्यापेटी आहे, तिच्यात मोर्स कोडचं यंत्र लपवलेलं. एक ४०० पानी डायरी आहे, एका कैद्याने बायकोला पत्र लिहिल्यासारखी लिहिलेली, पत्र पाठवायची सोयच नव्हती म्हणून वहीतच लिहीत राहिला. बायकांच्या तुरुंगात शिवलेल्या गोधड्यांची माहिती आहे, प्रत्येक चौकोनावर एकेकीने आपलं काहीतरी भरलेलं, दुसऱ्या बाजूच्या नवऱ्याला कळावं की आम्ही जिवंत आहोत. आई तिथेच रेंगाळली. टाका बघत होती, म्हणाली हा साखळी टाका नाहीये, उलटी टीप आहे.

आणि मग बाहेर येताना तिने विचारलं, "अरे पण यात आपली माणसं कुठेत? ब्रिटिशांच्या फौजेत तर निम्मे आपलेच असायचे ना?"

मी काहीतरी उत्तर दिलं पण ते उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो, रात्रीचे दोन वाजले. तर हा धागा त्यासाठी. जाणकारांनी भर घाला.

गवतीचहा

मस्त सुरुवात, वाचतेय. त्या गोधड्यांबद्दल अजून लिहा ना. आणि काकूंना उलटी टीप ओळखता आली याबद्दल त्यांना नमस्कार.

बखरकार

तुमच्या आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, हिंदी सैनिकांना वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानावर जमा केलं होतं. ४५,००० च्या आसपास माणूस. गोरे अधिकारी एकीकडे चांगीला आणि हे इकडे. ब्रिटिशांच्या वतीने एका कर्नलने दोन वाक्यांत त्यांना जपान्यांच्या हवाली केलं, मग जपानी मेजर फुजिवारा बोलला, मग कॅप्टन मोहनसिंग. तिथून आझाद हिंद सेनेची पहिली आवृत्ती सुरू झाली. म्हणजे चांगी ही मुळातच गोऱ्यांची छावणी होती, आपल्यांच्या छावण्या निसून, बिडादरी, सेलेटार अशा विखुरलेल्या. निसून म्हणजे आजचं यिशुन.

टॅम्पिनीसकर

यिशुनला माझा ऑफिसमधला मित्र राहतो! आणि बिडादरीत आता नवीन एचडीबी म्हणजे सरकारी फ्लॅटचे टॉवर झालेत, लॉटरीला रांगा लागतात.

पुणेरीपाटी

मला एक कळत नाही, चांगीबद्दल एवढी रडारड कशाला? ज्या साहेबांनी आपल्या देशाला दीडशे वर्षं कैदेत ठेवलं ते साडेतीन वर्षं कैदेत राहिले तर काय बिघडलं. आपल्या लोकांनी नेताजींबरोबर जाऊन योग्यच केलं. बाकी चालू द्या.

बखरकार

एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. ४५,००० पैकी सगळे गेले नाहीत. जे गेले त्यांतही काही मनापासून गेले, काही पोटासाठी, काही वरचा सुभेदार गेला म्हणून. आणि जे नाही गेले त्यांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. हजारो जणांना बोटीत भरून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला मजुरीला नेलं. मे १९४३ मध्ये एकट्या वेवाकला ३,००० च्या आसपास हिंदी कैदी उतरवले, विमानतळ बांधायला, गोण्या वाहायला. मग अमेरिकन बॉम्बिंग, मलेरिया, उपासमार, मारहाण. युद्ध संपलं तेव्हा फार थोडे जिवंत सापडले. त्यांतला जमादार चिंत सिंग म्हणून एक डोगरा, त्याला ऑस्ट्रेलियन लोकांनी खटल्यात साक्ष द्यायला मागे ठेवून घेतलं. त्याच्याबरोबर वाचलेले साथीदार नोव्हेंबर १९४५ मध्ये घरी यायला विमानात बसले आणि ते विमान पडलं. साडेतीन वर्षं जगून काढली आणि परतीच्या वाटेवर गेले.

गवतीचहा

अरे देवा.

मालवणीखाजा

पुणेरीपाटी, तुम्ही निम्मं बरोबर निम्मं चूक. आझाद हिंद म्हटलं की आमच्याकडे सिंधुदुर्गात एक नाव पहिलं येतं, जनरल जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे. ते रॉयल गढवाल रायफल्सचे अधिकारी होते, सिंगापूरला पकडले गेले आणि पुढे आझाद हिंद सेनेत नेताजींच्या खालोखालच्या लोकांत गेले. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून खासदार आणि नेहरूंच्या सरकारात उपमंत्रीपण झाले. म्हणजे तेही आधी युद्धकैदीच. हे विसरतो आपण. आझाद हिंद सेना आभाळातून पडली नाही, ती कैद्यांच्या छावणीतून उभी राहिली.

पुणेरीपाटी

हे भोसल्यांचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पण माझा मुद्दा तोच आहे.

खडकीकर७२

इथे एक अप्रिय गोष्ट सांगतो, कुणाला राग आला तर येऊदे. १९४२ च्या ऑगस्ट अखेरीला जपान्यांनी चांगीतल्या सगळ्या कैद्यांना सांगितलं की 'मी पळून जाणार नाही' असं लिहून सही करा. यांनी नकार दिला. मग पंधरा हजारांच्या वर माणसं सेलारांग बराकीच्या चौकात कोंबली, ती बराक एका पलटणीपुरती बांधलेली. दोन नळ चालू. संडास म्हणून परेड ग्राउंडचं डांबर फोडून खड्डे खणले. आजारी लोकांना पण हॉस्पिटलातून उचलून आणू अशी धमकी आली तेव्हा त्यांच्या कर्नल होम्सने हुकूम दिला की सह्या करा, दबावाखाली केलेली सही धरली जात नाही. मग लोकांनी सह्या केल्या त्या काय, ऑस्ट्रेलियन पोरांनी नेड केली अशी नावं लिहिली, तो त्यांचा जुना दरोडेखोर. म्हणजे आपल्याकडे कुणी सहीच्या जागी उमाजी नाईक लिहावं तसं.

तर अप्रिय गोष्ट ही की त्याच दिवसांत, २ सप्टेंबरला, पळून जायचा प्रयत्न केलेल्या चौघांना समुद्रकिनाऱ्यावर उभं करून गोळ्या घातल्या, दोन ऑस्ट्रेलियन, दोन ब्रिटिश. आणि गोळ्या घालणारे शिपाई होते आपले, आझाद हिंदच्या बाजूला गेलेले पहारेकरी. नेम नीट लागले नाहीत आणि पुन्हा पुन्हा झाडाव्या लागल्या असं तिथे उभं करून बघायला लावलेल्या अधिकाऱ्यांनी युद्धानंतर साक्षीत सांगितलं.

मोडीवाचक

हे मी पण वाचलंय. म्हणूनच ऑस्ट्रेलियन लोकांच्या आठवणींत हिंदी पहारेकऱ्यांबद्दल कडवटपणा दिसतो. कालपर्यंत जो शिपाई आपल्याला सॅल्यूट ठोकत होता तो आज आपल्याला सॅल्यूट ठोकायला लावतोय. त्यांना ते भुकेपेक्षा जास्त लागलं असावं.

पुणेरीपाटी

लागूदे की. जालियनवालात गोळ्या घालणारे शिपाई पण आपलेच होते, हुकूम त्यांचा होता. तेव्हा त्यांना लागलं होतं का?

मोडीवाचक

हा मुद्दा मान्य. हसावं की रडावं कळत नाही, पण मान्य.

संपादक

धागा विषयावर ठेवा मंडळी, याचा काश्मीर होऊ देऊ नका.

सईबाई

मी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला राहते. इथे डंट्रूनच्या मिलिटरी कॉलेजमध्ये चांगीतलं एक खरंखुरं चॅपल उभं केलंय, कैद्यांनी बांधलेलं, युद्धानंतर सुटं करून जहाजाने आणलं आणि १९८८ मध्ये परत जोडलं. छोटंसं, वर कौलारू उतार, बाजूंनी उघडं. आपल्याकडे गावात पाराला लागून देऊळ असतं ना, तसं दिसतं लांबून. माझ्या लेकीच्या शाळेची ट्रिप गेली होती, त्यांना शिक्षकांनी चांगी म्हणजे काय ते सगळं शिकवलं. लेकीने विचारलं की आपले पणजोबा कुठे होते. मला सांगता येईना, आमच्याकडे कुणी फौजेत नव्हतंच बहुतेक. पण ती म्हणाली की त्यांच्या पुस्तकात इंडियन्स फक्त दोनदा आले. एकदा शरण आले तेव्हा आणि एकदा गार्ड म्हणून.

टॅम्पिनीसकर

सईबाई, तुमच्या लेकीने आणि माझ्या आईने भेटलं पाहिजे.

बरं मधे थोडं वाचून आलो, तुम्हाला सांगतो. पहिली गोष्ट, सगळ्या ठिकाणांच्या मानाने चांगी त्यातल्या त्यात बरं होतं हे वाचून मला धक्का बसला. ८७,००० कैदी चांगीतून गेले आणि चांगीत मेले ते ८५० च्या आसपास. मेले ते बाहेर नेलेले. एप्रिल १९४३ मध्ये चांगीतून एफ फोर्स म्हणून ७,००० लोक थायलंड बर्मा रेल्वेला पाठवले, जपानी म्हणाले डोंगरात हवा चांगली आहे, आजारी पण येऊद्या. त्यातले ३,००० च्या वर मेले. ती रेल्वे ४१५ किलोमीटरची, बान पोंग ते थानब्युझयात, वर्षभरात पूर्ण केली. तिच्यावर मेलेले कैदी साधारण १२,०००, त्यांची कांचनाबुरीला नीट दफनभूमी आहे, एकेका माणसाच्या नावाची पाटी, गवत कापलेलं. आणि त्याच रेल्वेवर मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर, बर्मी, जावाचे, मलाय, हे कैद्यांपेक्षा कितीतरी पटींनी मेले. त्यांना पाटी नाही. कुठे गाडले तेच नोंदवलेलं नाही.

दुसरी गोष्ट, आपण सगळे सिंगापूरला ज्या चांगी विमानतळावर उतरतो ना, जिथे तो धबधबा बघत सेल्फी काढतो, त्याची पहिली धावपट्टी जपान्यांनी १९४३-४४ मध्ये याच कैद्यांकडून करून घेतली. टेकड्या फोडून दलदल भरायची, उन्हात, लंगोटीवर. मी त्या विमानतळावरून निदान चाळीस वेळा आलोगेलो असेन.

गवतीचहा

खायला काय द्यायचे त्यांना? स्वयंपाकघरातल्या बाईचा प्रश्न आहे, हसू नका.

मोडीवाचक

चांगला प्रश्न आहे, सगळ्या कैद्यांच्या डायऱ्या तोच प्रश्न विचारतात. भात. पॉलिश केलेला, जुना, किडे पडलेला, आणि तोही दिवसेंदिवस कमी. ज्यांनी जन्मात रोज भात खाल्ला नव्हता त्यांचं पोट बिघडलं आणि मग कोंडा नसलेल्या तांदळाने बेरीबेरी, पाय सुजतात, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. बी जीवनसत्त्वासाठी त्यांनी लालांग नावाचं गवत कापून आणायचं, गिरणीत चेचायचं आणि त्याचा हिरवा काढा प्यायचा. चवीला भयंकर. भाजीचे मळे केले, त्यांना खत म्हणून माणसांचं मूत वापरलं. आणि जुन्या लॉऱ्यांचं इंजिन, टप सगळं काढून नुसती चाकं आणि सांगाडा ठेवायचा, त्याला दोर लावून वीसतीस माणसांनी ओढायचं. लाकूड, पाणी, प्रेतं, सगळं त्याच गाड्यांवरून.

गवतीचहा

बैलगाडी आणि बैल पण आपणच.

मालवणीखाजा

त्या चित्रांबद्दल कुणी लिहिलं नाही. स्टॅन्ली वॉरन म्हणून एक तोफखान्यातला शिपाई होता, आमांशाने मरायला टेकलेला, रॉबर्ट्स बराकीत हॉस्पिटल होतं तिथे. त्याने भिंतीवर येशू वगैरेंची पाच चित्रं काढली. रंग कुठून, तर सैनिकी गाड्यांचा तपकिरी रंग, थोडा लाल, पांढरा आणि निळा म्हणून बिलियर्डच्या काठीला लावायचा खडू कुटून. एका वेळी पाचदहा मिनिटं काढायचा, मग पडून राहायचा. युद्धानंतर चुना मारला गेला भिंतींवर आणि चित्रं विसरली गेली. १९५८ मध्ये सापडली. त्याला शोधून काढलं तर तो लंडनमध्ये चित्रकलेचा मास्तर, परत यायला तयार नाही, त्या आठवणी नको म्हणून. पण मग तीनदा आला आणि स्वतःच दुरुस्त केली. एका चित्राचा खालचा भाग नाहीच, मधल्या काळात भिंत फोडून दार काढलं होतं तिथे.

टॅम्पिनीसकर

मूळ चित्रं हवाईदलाच्या हद्दीत आहेत, सहज बघता येत नाहीत. म्युझियममध्ये प्रतिकृती आहे. बाबा तिच्यासमोर खुर्ची मिळेल का विचारत होते. आणि जुनं तुरुंग २००४ मध्ये पाडलं, पुढचं दार, भिंतीचा एक तुकडा आणि दोन बुरूज ठेवलेत. शेजारी नवीन तुरुंग आहे, चालू. त्यामुळे भिंतीचा फोटो काढताना जरा जपून.

जावईबापू

सुटका कशी झाली ते कुणी सांगेल का? सिनेमात रणगाडे येऊन दार तोडतात तसं काही?

बखरकार

नाही हो, दार वगैरे काही तोडलं नाही. १५ ऑगस्ट १९४५ ला जपान शरण आलं. ती बातमी कैद्यांना चोरट्या रेडिओवर कळली होती, रेडिओ झाडूच्या मुठीत, खाटेच्या पायात असे लपवलेले असायचे. पण ओरडायची सोय नाही, पहारेकरी अजून बंदूक घेऊन उभेच. मग विमानांतून पत्रकं पडली, की आहात तिथेच थांबा, एकदम जास्त खाऊ नका. मग डॉक्टर आणि औषधं छत्र्यांनी उतरली. आणि ५ सप्टेंबरला जहाजांतून फौज उतरली. कुठली फौज? पाचवी इंडियन डिव्हिजन.

पुणेरीपाटी

म्हणजे सोडवायला आलेले पण आपलेच??

बखरकार

बरेचसे हो. फॅरर पार्कवर हवाली केले ते आपले, चांगीच्या दारावर पहाऱ्याला होते त्यांत आपले, किनाऱ्यावर बंदूक धरली ती आपल्यांनी आणि १९४५ ला बंदरात उतरले ते पण आपले. १२ सप्टेंबरला म्युनिसिपालटीच्या पायऱ्यांवर माउंटबॅटनने जपान्यांची शरणागती घेतली, त्या फोटोंत समोरच्या मैदानावर हिंदी जवान दिसतात.

आणि त्या मैदानालगत, एस्प्लनेडवर, नेताजींनी ८ जुलै १९४५ ला आझाद हिंदच्या शहिदांच्या स्मारकाची पायाभरणी केली होती. ब्रिटिश परत आल्या आल्या त्यांनी ते सुरुंग लावून उडवलं. म्हणजे दोन महिने पण उभं राहिलं नाही. आता तिथे १९९५ साली लावलेली एक खूणपाटी आहे.

खडकीकर७२

आणि सुटका झाली म्हणजे आपल्यांची सुटका झाली असं पण नाही. आझाद हिंदवाल्यांची चौकशी होऊन पांढरे, करडे, काळे असे तीन वर्ग केले. काळ्यांवर खटले, लाल किल्ला वगैरे सगळ्यांना माहीत आहे. पांढरे आणि करडे बरेचसे मुकाट्याने घरी आले.

अवांतर, पण मराठी माणसाचा संबंध निघालाच आहे तर. ऑक्टोबर १९४५ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे लोक ४९ ब्रिगेडबरोबर जावात सुराबायाला उतरले, कामांतलं एक काम होतं डच कैद्यांना आणि बायकामुलांना छावण्यांतून काढून आणणं. तिथे इंडोनेशियन स्वातंत्र्यवाल्यांशी लढाई जुंपली, ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. आपली पोरं मेली तिथे, कुणाच्या तरी साम्राज्यासाठी, स्वतःचं स्वातंत्र्य दोन वर्षांवर आलेलं असताना.

जावईबापू

आपल्याकडे पण होत्या ना अशा छावण्या? देवळालीला जपानी ठेवले होते असं ऐकलंय.

खडकीकर७२

नाही नाही, ते देवळी. राजस्थानातलं. नावाच्या गोंधळामुळे सगळे नाशिकच्या देवळालीला चिकटवतात. युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी सिंगापूर मलायातले जपानी नागरिक पकडले, दुकानदार, न्हावी, फोटोग्राफर, बायकापोरं सगळी, आणि बोटीने इकडे आणून आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूत ठेवली, नंतर देवळीला. म्हणजे सिंगापुरातले गोरे जपान्यांच्या कैदेत आणि सिंगापुरातले जपानी हिंदुस्थानात कैदेत. आमच्या खडकीला युद्धदफनभूमी आहे, १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धाच्या. मी रोज संध्याकाळी फिरायला जायचो त्या बाजूला, कुणी आत जाताना दिसलं तर परदेशी पाहुणेच.

वाळवेकरीण

खूप दिवसांनी लिहितेय इथे, हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या आईचे मामा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांच्या पलटणीत होते, खडकीत भरती झालेले. घरात फक्त एवढंच माहीत की ते 'मलायात होते'. १९४६ ला आले. कैदेत होते का, कुठे होते, आझाद हिंदमध्ये गेले की नाही, काही म्हणजे काही बोलले नाहीत. त्यांचं एकच होतं, ताटात भाताचं शीत उरलेलं त्यांना चालायचं नाही. लग्नाच्या पंगतीत पण दुसऱ्याच्या पानात उरलेलं बघून उठून जायचे. आम्ही पोरं हसायचो त्यांना. ते गेले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत एक पट्टा, एक वाटी आणि एक इंग्रजीत टाइप केलेला कागद होता, कागद वाळवीने खाल्लेला.

त्यांच्याबरोबर गावातून अजून एकजण गेला होता भरती व्हायला, दोघं एका दिवशी. तो आला नाही. त्याच्या आईने म्हणे मरेपर्यंत कुंकू पुसू दिलं नाही सुनेला. त्याचं नाव कुठे असेल का? इथे नाव देत नाही, टॅम्पिनीसकर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मोडीवाचक

ताई, सिंगापुरातल्या क्रांजीच्या युद्धस्मारकावर नक्की शोधा. ज्यांची कबर नाही अशा २४,००० च्या वर लोकांची नावं आहेत तिथे, पलटणीनुसार कोरलेली. शिवाय हिंदूंसाठी वेगळं दहनस्मारक आहे, जवळपास ८०० नावं, बहुतेक आपलीच. ऑनलाइन पण शोधता येतं, राष्ट्रकुल युद्धदफनभूमी आयोगाच्या वेबसाइटवर, कधीकधी बापाचं नाव आणि गाव पण असतं, 'सातारा जिल्हा' वगैरे. फक्त स्पेलिंग. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली नावं आहेत, त्यामुळे दहा तऱ्हांनी टाकून बघा. आडनावाच्या जागी बापाचं नाव, कधी गावाचं नाव आडनावात. पाटील, जाधव, शिंदे यांची जी काय चिरफाड केलीय ती बघवत नाही.

टॅम्पिनीसकर

व्यनि मिळाला ताई. रविवारी सकाळी आम्ही तिघं क्रांजीला गेलो. एमआरटी स्टेशनवरून चालत दहापंधरा मिनिटं आहे, पण बसने जा, ऊन फार. छोट्या टेकडीवर आहे, खाली ओळीने कबरी, ४,४०० च्या वर, आणि वर चढून गेलं की बारा खांबांच्या रुंद भिंती आणि त्यावर विमानाच्या पंखासारखं छप्पर. भिंतीच्या दोन्ही बाजूंना नावं, खालपासून डोक्याच्या वरपर्यंत. आणि मोठ्या अक्षरात कोरलंय की हे लोक सर्व स्वतंत्र माणसांसाठी मेले. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "हे स्वतः होते का स्वतंत्र?" आई म्हणाली जाऊदे, तुम्ही नाव शोधा.

ऑनलाइन यादीत ताईंनी दिलेल्या नावाशी जुळणारं काही मिळालं नव्हतं, म्हणून भिंतच वाचायची ठरवलं. बॉम्बे सॅपर्सची नावं आहेत, भरपूर आहेत. वाचताना असं वाटतं की कुणीतरी आपल्या वर्गाची हजेरी घेतंय. रामचंद्र, बापू, गणपत, धोंडी. अक्षरं उंचावर, मान दुखते, मध्ये मध्ये शेवाळाने काळी झालेली. बाबा डावीकडून, मी उजवीकडून आणि आई सावलीत बसून नावाची चिठ्ठी हातात धरून, दर दोन मिनिटांनी "मिळालं का" विचारत. तासाभराने बाबांना एक सापडलं. पहिलं नाव तेच. दुसरं नाव जवळपास, एक अक्षर जास्त आणि शेवटी ए च्या जागी यू. फोटो पाठवलाय. आईने पर्समधून बुक्क्याची पुडी काढली होती, ती लावायला गेली तर मी थांबवलं, दगडाला लावू नये म्हणून. मग तिने नुसता हात लावला. आता वाटतं लावू द्यायला हवं होतं.

पुणेरीपाटी

द्यायला हवं होतं राव.

सईबाई

वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेकीला वाचून दाखवते उद्या, तिला मराठी कळतं, वाचता येत नाही.

वाळवेकरीण

फोटो मिळाला. आईला दाखवला, तिला मोठा करून दिला तरी इंग्रजी अक्षर लागेना, मग मी वाचून दाखवलं. म्हणाली नाव बरोबर आहे पण त्या घराला तसं म्हणत नाहीत, ते नाव वरच्या आळीच्या लोकांचं. मग म्हणाली, भरतीच्या वेळी कारकुनाला कुणी काय सांगितलं असेल कुणास ठाऊक, मामाच सांगायचे की दोघांना एकदम उभं केलं आणि एकालाच विचारलं. आता गावात त्यांच्या घरचं कोण आहे ते शोधायला सांगितलंय मामेभावाला. गणपतीत सगळे येतात तेव्हा कळेल. कागदाचा जो तुकडा उरलाय त्याचा पण फोटो टाकते, नंबरसारखं काहीतरी दिसतंय, मोडीवाचकांना लागलं तर बघा.

मोडीवाचक

टाका ताई. नंबर असेल तर सोपं जाईल. नंबरचं स्पेलिंग चुकत नाही.